नाक दाबल्यानंतर : अण्वस्त्रे, क्षेपणास्त्रे आणि निर्बंधांचे राजकारण

उत्तर कोरियाने ९ ऑक्टोबर २००६ रोजी पहिली अणुचाचणी केली. पाचच दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १७१८ क्रमांकाचा ठराव एकमताने मंजूर केला आणि रणगाड्यांपासून क्षेपणास्त्रांच्या सुट्या भागांपर्यंत, एवढेच काय, राज्यकर्त्यांच्या चैनीच्या वस्तूंपर्यंत अनेक गोष्टींच्या व्यापारावर बंदी आली. पुढच्या अकरा वर्षांत ठरावामागून ठराव आले, प्रत्येक आधीच्यापेक्षा कडक. त्याच अकरा वर्षांत त्या देशाने आणखी पाच अणुचाचण्या केल्या आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीपर्यंत पोहोचू शकेल असे क्षेपणास्त्र उडवून दाखवले. या दोन याद्या शेजारी ठेवल्या की निष्कर्ष आपोआप निघतो : निर्बंध फसले. अग्रलेखांतून तो वर्षानुवर्षे निघत आला आहे. तो साफ चुकीचा आहे असे या संग्रहाचे म्हणणे नाही. तो फार घाईने काढला जातो, एवढेच आहे. निर्बंधांमागची सर्वसाधारण समजूत आपल्या एका म्हणीत नेमकी बसते : नाक दाबले की तोंड उघडते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत नाक दाबण्याचे तंत्र कमालीचे प्रगत झाले. तोंड उघडल्यावर हात कोणी, कधी आणि किती सैल करायचा, याची तयारी मात्र फारशी कोणी केली नाही. अण्वस्त्र कार्यक्रमांवरील निर्बंधांचे यशापयश मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीवर ठरते, असे मला या विषयाचा इतिहास पाहून वाटते आणि या प्रस्तावनेत तेच मांडायचे आहे.

निर्बंध हे सामूहिक हत्यार म्हणून पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या करारात आले. १९३५ मध्ये इटलीने अबिसिनियावर म्हणजे आजच्या इथिओपियावर हल्ला केला तेव्हा ते वापरलेही गेले. पण बंदीच्या यादीत तेलच नव्हते आणि सुएझ कालवा इटलीच्या जहाजांना उघडाच राहिला. मुसोलिनीने युद्ध जिंकले, निर्बंध पुढच्या वर्षी गुंडाळले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत ४१ व्या कलमाने हे हत्यार पुन्हा आले, मात्र शीतयुद्धाच्या काळात नकाराधिकारांच्या कात्रीत सापडून ते म्यानातच राहिले. सुरक्षा परिषदेने त्या चार दशकांत ऱ्होडेशिया आणि दक्षिण आफ्रिका या दोनच देशांवर सक्तीचे निर्बंध घातले, तेही वर्णद्वेषी राजवटींच्या कारणावरून. अण्वस्त्रांचा प्रश्न त्या काळात दुसऱ्याच वाटेने हाताळला जात होता : पुरवठा रोखून.

ती दुसरी वाट मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाची आहे, कारण तिच्यावरचे दोन टप्पे आपल्याच किनाऱ्यावर आहेत. तुर्भ्याच्या सायरस अणुभट्टीसाठी कॅनडाने तंत्रज्ञान आणि अमेरिकेने जड पाणी दिले होते. त्या भट्टीतले प्लुटोनियम १९७४ च्या पोखरण चाचणीत वापरले गेले, तेव्हा कॅनडाने हात काढून घेतला आणि पुरवठादार देशांनी एकत्र येऊन अणुपुरवठादार गट बनवला. अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा बदलला आणि तारापूरच्या दोन अणुभट्ट्यांना करारानुसार मिळायचे इंधन अडले. पुढे ते फ्रान्सने पुरवले. क्षेपणास्त्रांसाठी अशीच व्यवस्था १९८७ मध्ये उभी राहिली, आणि १९९२ मध्ये तिचाच आधार घेऊन अमेरिकेने इस्रो व रशियाची ग्लावकॉसमॉस यांच्यावर क्रायोजेनिक इंजिनाच्या व्यवहारापायी निर्बंध घातले. भारताला तयार इंजिने मिळाली, तंत्रज्ञान मिळाले नाही. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनासह जीएसएलव्हीचे यशस्वी उड्डाण व्हायला जानेवारी २०१४ उजाडले. या अनुभवाने आपल्याकडे एक लाडका सिद्धान्त तयार झाला आहे, की निर्बंधांनी आपण स्वावलंबी झालो. त्यात तथ्य आहे, पण वीसेक वर्षांचा विलंब त्या हिशेबात कोणी धरत नाही. पुरवठा रोखणाऱ्याला नेमका तो विलंबच हवा असतो.

या दोन वाटा इराकमध्ये एकत्र आल्या. ऑगस्ट १९९० मध्ये कुवेतवरील आक्रमणानंतर घातलेले सर्वंकष निर्बंध १९९१ च्या युद्धानंतर इराकच्या रासायनिक, जैविक आणि आण्विक शस्त्रांच्या नाशाशी जोडले गेले. पुढची बारा वर्षे हा देश जवळजवळ कोंडलेला होता. बालमृत्यूंचे जे प्रचंड आकडे त्या काळी जगभर फिरले ते नंतरच्या तपासणीत टिकले नाहीत, हे खरे. पण सामान्य माणसाचे हाल टळले होते असा त्याचा अर्थ नव्हे. बगदादमधले संयुक्त राष्ट्रांचे मदतकार्य सांभाळणारे डेनिस हॅलिडे आणि त्यांच्यानंतर हान्स फॉन स्पोनेक हे दोघेही अधिकारी याच कारणासाठी राजीनामा देऊन बाहेर पडले. आणि मग आला तो विचित्र शेवट. २००३ च्या युद्धानंतर अमेरिकेच्याच तपास पथकाने कबूल केले, की सद्दामचा अणुकार्यक्रम १९९१ नंतर पुन्हा उभा राहिलाच नव्हता. म्हणजे निर्बंध आणि निरीक्षण यांनी आपले काम केले होते. ते झाले आहे हे मान्य करायला मात्र निर्बंध लादणाऱ्यांपैकी बलाढ्य देश तयार नव्हते. वॉशिंग्टनमधून वारंवार सुचवले जात होते, की सद्दाम आहे तोवर निर्बंध उठणार नाहीत. ज्याला काहीही केले तरी सुटका नाही, तो सहकार्य कशासाठी करील? इराकपासून घेतलेला धडा मात्र वेगळाच निघाला. इंटरलाकेन, बॉन-बर्लिन आणि स्टॉकहोम इथल्या बैठकांतून ‘नेमक्या’ निर्बंधांची कल्पना घडली : सगळ्या देशाला वेठीस न धरता माणसे, कंपन्या, बँका आणि जहाजे नावानिशी हेरायची. दाबायचे कसे यावर खल झाला, सोडायचे कसे हा विषय बाजूलाच राहिला.

अभ्यासकांमध्ये या विषयावर जे पंथ पडले आहेत त्यांची ओळख नवख्या वाचकाला हवी, कारण पुढील बहुतेक लेखक त्यांपैकी कोणाशी ना कोणाशी वाद घालत आहेत. नॉर्वेचे योहान गाल्टुंग यांनी १९६७ मध्येच ऱ्होडेशियाच्या उदाहरणावरून दाखवले, की आर्थिक त्रास वाढला की राजकीय शरणागती येतेच असे नाही. उलट बाहेरच्या दबावाने माणसे राज्यकर्त्यांभोवती गोळा होतात. १९८५ मध्ये हफबाउर, शॉट आणि एलियट यांनी विसाव्या शतकातल्या निर्बंधांची मोठी मोजदाद केली आणि साधारण एक तृतीयांश वेळा ते यशस्वी ठरल्याचे सांगितले. रॉबर्ट पेप यांनी १९९७ मध्ये त्याच यादीतली चाळीस यशे एकेक करून तपासली आणि जेमतेम पाच शिल्लक ठेवली. बाकीच्या ठिकाणी काम खरे तर सैन्याने केले होते किंवा यश आलेच नव्हते. हा वाद अजून मिटलेला नाही, पण त्यातून विषय पुढे गेला तो वेगळ्या प्रश्नांमुळे. निकोलस मिलर यांच्या मते निर्बंधांचा खरा परिणाम ते लादण्याआधी होतो, त्यांच्या धाकाने जे देश अण्वस्त्रांच्या वाटेला जातच नाहीत ते आकडेवारीत दिसत नाहीत. एटेल सोलिंगेन विचारतात, की त्या देशात सत्तेवर कोण आहे : जगाशी व्यापार करून जगणारे, की दारे बंद ठेवून जगणारे? आणि हेन्री फॅरेल व अब्राहम न्यूमन यांनी २०१९ मध्ये दाखवले, की डॉलर, बँकांचे संदेशजाळे अशा मोक्याच्या गाठी ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांना निर्बंधांसाठी इतरांची संमती मागायची गरजच उरलेली नाही. माझा कल यांपैकी सोलिंगेन यांच्याकडे थोडा अधिक आहे, तरी त्यांचा प्रश्नही अर्धाच वाटतो. समोर कोण आहे याइतकेच, देणाऱ्याची देण्याची ऐपत आहे का, हेही विचारायला हवे.

उत्तर कोरिया हे या संग्रहाचे मुख्य उदाहरण आहे ते याच कारणाने. तिथे दाबणे आणि सोडणे दोन्ही करून पाहिले गेले आहे आणि दोन्हींचे परिणाम नोंदलेले आहेत. अमेरिकेशी झालेल्या ऑक्टोबर १९९४ च्या जिनिव्हा करारात प्योंगयांगने योंगब्योनची अणुभट्टी थांबवली; बदल्यात वर्षाला पाच लाख टन जड इंधन तेल आणि पुढे दोन हलक्या पाण्याच्या अणुभट्ट्या मिळायच्या होत्या. आठ वर्षे त्या भट्टीतले सुमारे आठ हजार वापरलेले इंधनदंड आंतरराष्ट्रीय निरीक्षकांच्या नजरेखाली सीलबंद पडून होते. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेने काही जुने व्यापारी निर्बंध शिथिल करण्याचे जाहीर केले आणि उत्तर कोरियाने लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या चाचण्या स्थगित केल्या. ती स्थगिती जुलै २००६ पर्यंत टिकली. या काळात त्या देशाने लबाडी केली नाही का? केली. युरेनियम समृद्ध करण्याचे तंत्र पाकिस्तानच्या ए. क्यू. खान यांच्याकडून चोरवाटेने मिळवले, आणि २००२ मध्ये ते उघड झाल्यावर करार कोसळला. पण करार कोसळल्याबरोबर निरीक्षक गेले, सील तुटली आणि तेच आठ हजार दंड प्लुटोनियम काढायला गेले. एका चोरवाटेची शिक्षा म्हणून जी दुसरी, मोठी वाट अडवलेली होती ती खुली झाली.

त्यानंतरचा एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. सप्टेंबर २००५ मध्ये बीजिंगमध्ये सहा देशांच्या वाटाघाटींतून एक संयुक्त निवेदन निघाले, ज्यात उत्तर कोरियाने अण्वस्त्रे सोडण्याचे तत्त्वतः मान्य केले. त्याच महिन्यात अमेरिकेच्या अर्थखात्याने मकावमधल्या बँको डेल्टा एशिया या लहानशा बँकेवर काळ्या पैशाच्या व्यवहारांचा ठपका ठेवला. बँकेतून पैसे काढायला रांगा लागल्या आणि मकावच्या प्रशासनाने उत्तर कोरियाशी संबंधित पन्नासेक खाती गोठवली. रक्कम होती अडीच कोटी डॉलर, एका देशाच्या मानाने अगदी किरकोळ. पण जगभरच्या बँकांनी त्यातून घ्यायचा तो बोध घेतला आणि प्योंगयांगची खाती एकेक करून बंद केली. उत्तर कोरिया वाटाघाटींतून उठला आणि वर्षभरात पहिली अणुचाचणी झाली. २००७ मध्ये अमेरिकेने पैसे सोडायचे ठरवले तेव्हा खरी गंमत सुरू झाली. ते पैसे घ्यायला कोणी तयार होईना. बँक ऑफ चायनाने नकार दिला. बाकीच्यांना अमेरिकेच्या अर्थखात्याचा रोष नको होता. महिनोन्‌महिने दोन सरकारांची इच्छा असूनही अडीच कोटी डॉलर जागचे हलेनात. शेवटी जून २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने ते रशियाच्या मध्यवर्ती बँकेमार्फत खाबारोव्स्कमधल्या एका बँकेकडे पोहोचते केले. पुढच्याच महिन्यात योंगब्योनची अणुभट्टी बंद झाली आणि २००८ च्या जूनमध्ये तिचा शीतकरण मनोरा पाडण्यात आला. दाबायला खात्याची एक अधिसूचना पुरली. सोडायला दोन देशांच्या मध्यवर्ती यंत्रणा कामाला लावाव्या लागल्या.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर इराणमध्ये दिसली. तिथे २००६ ते २०१० या काळात सुरक्षा परिषदेचे ठराव झाले, पण खरा दाब आला तो २०१२ मध्ये, युरोपने तेल घेणे थांबवल्यावर आणि इराणी बँका स्विफ्ट या बँकांच्या संदेशजाळ्यातून बाहेर काढल्यावर. २०११ मध्ये रोज सुमारे २५ लाख बॅरल असलेली तेलनिर्यात दोन वर्षांत निम्म्याहून खाली आली. आपणही त्या काळी इराणी तेलाचे पैसे काही प्रमाणात रुपयांत, युको बँकेमार्फत चुकते करत होतो, कारण त्या बँकेचे अमेरिकेत गमावण्यासारखे काही नव्हते. जुलै २०१५ चा अणुकरार या दाबातून आला हे नाकारण्यात अर्थ नाही. सुमारे एकोणीस हजार सेंट्रीफ्यूजपैकी सहा हजारांच्या आसपास राहिले, समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर बांधले गेले, साठा ३०० किलोंवर आला. जानेवारी २०१६ मध्ये निर्बंध कागदोपत्री उठले. पण २०१४ मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला निर्बंध मोडल्याबद्दल जवळपास ९०० कोटी डॉलरचा दंड झाला होता आणि युरोपातल्या मोठ्या बँका तो विसरल्या नव्हत्या. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांनी मे २०१६ मध्ये लंडनला जाऊन बँकर्सना समजावले. त्यावर एचएसबीसीचे मुख्य कायदा अधिकारी स्टुअर्ट लेव्ही यांनी वृत्तपत्रात लेख लिहून जाहीरपणे नकार कळवला. हे लेव्ही म्हणजे पूर्वी अमेरिकेच्या अर्थखात्यात बसून मकावच्या आणि इराणच्या निर्बंधांची मोहीम चालवणारेच अधिकारी! मे २०१८ मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली, तोवर इराणच्या पदरात अपेक्षेपेक्षा बरेच कमी पडले होते. इराणने वर्षभर वाट पाहून मर्यादा ओलांडायला सुरुवात केली आणि एप्रिल २०२१ पासून ६० टक्के समृद्धीकरण होऊ लागले. करार पाळूनही निर्बंध परत येतात हे प्योंगयांगनेही पाहिले असणारच.

इथे एक आक्षेप रास्त आहे. निर्बंधांचा हेतू नेहमी वर्तन बदलण्याचाच असतो असे कुठे आहे? फ्रान्चेस्को जुमेली यांच्यासारखे अभ्यासक सांगतात, की ते कधी सक्तीसाठी असतात, कधी केवळ हात बांधण्यासाठी, कधी इतर देशांना इशारा म्हणून. उत्तर कोरिया बदलला नसेल, पण त्याच्या क्षेपणास्त्रांचा निर्यात व्यापार आखडला, प्रत्येक सुटा भाग महाग झाला, हेही यशच. मला हे बव्हंशी मान्य आहे. जून १९९९ मध्ये कांडला बंदरात साखर घेऊन आलेल्या ‘कुवोलसान’ या उत्तर कोरियाच्या जहाजात आपल्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांना क्षेपणास्त्रांचे सुटे भाग आणि आराखडे सापडले होते. खोक्यांवर नोंद होती पाणी शुद्धीकरणाच्या सामग्रीची. ते पाकिस्तानकडे जात असल्याचा भारताचा संशय होता. २०१३ मध्ये पनामात ‘चोंगचोनगांग’ पकडले गेले तेव्हा क्यूबाच्या साखरेच्या पोत्यांखाली दोन मिग-२१ विमाने निघाली. (मधल्या काळात, २००९ मध्ये, अंदमानजवळ भारतीय तटरक्षक दलाने ‘मूसान’ अडवले आणि कसून झडती घेतली; त्यात साखरेखाली साखरच होती.) अशी झडती कायदेशीर करण्याचे काम ठरावांनी केले आणि ते मोलाचे आहे. पण हात बांधणे हाच हेतू असेल, तर तसे सांगून त्याच मापाने यश मोजावे आणि कोणाचे हात बांधले जात आहेत हेही पाहावे. २०१६-१७ मध्ये ठरावांचे स्वरूप पालटले. शस्त्रांच्या यादीवरून ते कोळसा, लोखंड, मासळी, कापड यांवर आले. परदेशी राबणारे कामगार परत पाठवायचे ठरले, शुद्ध केलेल्या तेलाची आयात वर्षाला पाच लाख बॅरलवर बांधली गेली. पुतळेसुद्धा सुटले नाहीत, कारण प्योंगयांगची मानसुदे ही संस्था डाकारच्या भव्य स्मारकासारखी कामे घेऊन परकीय चलन मिळवत होती. धातूच्या वस्तू आणि यंत्रे सरसकट बंद झाली तेव्हा मदत संस्थांना पाण्याच्या पंपासाठी आणि रुग्णालयातल्या साध्या उपकरणासाठी न्यूयॉर्कहून परवानगी काढावी लागू लागली. इराकनंतर ‘नेमकेपणा’च्या घेतलेल्या शपथेचे पुढे काय झाले ते एवढ्यावरून कळते.

आणि तरीही माझ्या मते २०१६-१७ चेच ठराव खऱ्या अर्थाने बोचले. बँक ऑफ कोरियाच्या अंदाजानुसार उत्तर कोरियाची अर्थव्यवस्था २०१७ मध्ये साडेतीन टक्के आणि २०१८ मध्ये चार टक्क्यांहून थोडी अधिक आकसली. त्याहून मोठा पुरावा हनोईचा आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथे अमेरिकेबरोबर झालेल्या शिखर परिषदेत किम जोंग-उन यांनी योंगब्योनच्या बदल्यात काय मागितले? त्यांचे परराष्ट्रमंत्री री योंग-हो यांनी मध्यरात्रीच्या पत्रकार परिषदेत सांगितल्यानुसार, अकरापैकी फक्त पाच ठराव, आणि तेही २०१६-१७ चे, तेवढेच अंशतः उठवावेत. कोणता जोडा कुठे चावतो हे घालणाऱ्याने स्वतःच सांगितले होते. अमेरिकेच्या दृष्टीने तो सौदा महाग होता. योंगब्योनबाहेरही समृद्धीकरणाची ठिकाणे होती आणि पाच ठराव गेले असते तर दाब जवळजवळ संपला असता. ही बाजू मी हलकी मानत नाही. पण पाचांऐवजी दोन, किंवा मुदतीपुरते पाच, असा मधला भाव काढायची सोयच व्यवस्थेत नव्हती. सुरक्षा परिषदेचा ठराव मागे घ्यायला नवा ठराव लागतो आणि पाच स्थायी सदस्यांपैकी कोणीही तो अडवू शकतो. अमेरिकी काँग्रेसने २०१६ च्या कायद्यात निर्बंध उठवण्यासाठी मानवी हक्कांपासून कैद्यांच्या छावण्यांपर्यंतच्या अटी घालून राष्ट्राध्यक्षांचेही हात बांधले होते. थोडे थोडे देऊन थोडे थोडे घेण्याची वाट अशी दोन्हीकडून बुजलेली असताना परिषद दुसऱ्याच दिवशी गुंडाळली गेली, यात नवल नव्हते.

किम घराणे अण्वस्त्रे कधीच सोडणार नव्हते, तेव्हा हे सारे व्यर्थ आहे, असा दुसरा आक्षेप येतो. २००३ मध्ये कार्यक्रम सोडून देणारा गद्दाफी २०११ मध्ये कसा मारला गेला हे प्योंगयांगचे प्रवक्ते उघडपणे सांगत आले आहेत. असेलही. पण शून्य अण्वस्त्रे आणि आजचा साठा यांच्या मध्ये बरीच मोठी जागा होती, आणि १९९४ ते २००२ मध्ये ती प्रत्यक्षात अडवून धरली गेली होती. उलट निव्वळ यातनेने धोरण बदलते या समजुतीविरुद्ध सर्वांत सज्जड पुरावा त्या देशानेच दिला. जानेवारी २०२० मध्ये साथीच्या भीतीने त्याने आपली सीमा स्वतः बंद केली. चीनशी असलेला व्यापार एका वर्षात सुमारे ऐंशी टक्क्यांनी घसरला. सुरक्षा परिषदेला जे जमले नाही ते सरकारने स्वतःच्या हाताने केले, लोकांनी सोसले, आणि २०२२ मध्ये विक्रमी संख्येने क्षेपणास्त्रे उडाली. तिसरा आक्षेप आपल्याकडे जास्त ऐकू येतो, की अण्वस्त्रधारी पाच देशांनी इतरांना शिक्षा करणे हा शुद्ध दांभिकपणा आहे. दांभिकपणा आहेच, आणि १९९८ च्या चाचण्यांनंतर भाभा अणुसंशोधन केंद्रासह शेकडो भारतीय संस्था अमेरिकेच्या काळ्या यादीत गेल्या तेव्हा आपण तो भोगला. पण ते निर्बंध सप्टेंबर २००१ मध्ये बव्हंशी उठले ते भारताने धोरण बदलले म्हणून नव्हे, तर वॉशिंग्टनला दुसरी निकड आली म्हणून. आणि चारच वर्षांनी, सप्टेंबर २००५ मध्ये, व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीत आपण इराणच्या विरोधात मत दिले. दांभिकपणाच्या खात्यावर आपलीही नोंद आहे. तेवढ्यावरून हे हत्यार कसे चालते याचा अभ्यास टाळता येत नाही.

तो टाळता येत नाही याचे एक कारण पुण्यात आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसून चोरांनी बनावट कार्डांच्या साह्याने २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे उपसले. दोन दिवसांनी स्विफ्टमार्फत आणखी जवळपास १४ कोटी रुपये हाँगकाँगला गेले. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा. निर्बंधांवर देखरेख ठेवणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या तज्ज्ञमंडळाने २०१९ च्या अहवालात ही चोरी उत्तर कोरियाच्या खात्यावर मांडली. २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून ८.१ कोटी डॉलर गेले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या आभासी चलनाच्या बाजारातून सुमारे दीड अब्ज डॉलर गेल्यावर एफबीआयने उत्तर कोरियाकडेच बोट दाखवले. कोळसा आणि मासळी विकता येत नाही तेव्हा सरकार संगणकावर बसून पैसा काढते; क्षेपणास्त्राचा खर्च अशा रीतीने सहकारी बँकेवर येऊन पडतो. आपले नाते केवळ पीडिताचेही नाही. डेहराडूनच्या अवकाशविज्ञान प्रशिक्षण केंद्रात उत्तर कोरियाचे विद्यार्थी वर्षानुवर्षे शिकून गेले याकडे त्याच मंडळाने २०१६ मध्ये लक्ष वेधले होते. वस्तू अडवता येते, शिकवलेले अडवता येत नाही.

हा संग्रह आत्ताच का, याचे उत्तर गेल्या दोन-तीन वर्षांच्या घडामोडींत आहे. मार्च २०२४ मध्ये रशियाने नकाराधिकार वापरून त्या तज्ज्ञमंडळाची मुदतवाढ रोखली आणि एप्रिलअखेर ते संपले. त्याच जूनमध्ये रशिया आणि उत्तर कोरिया यांनी संरक्षण करार केला. पुढे कोरियन सैनिक कुर्स्कच्या आघाडीवर पोहोचले. सप्टेंबर २०२५ मध्ये इराणवरचे संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंध परत आले, पण रशिया आणि चीन ते आले आहेत हेच मानत नाहीत. एकाच जगात दोन कायदे चालू आहेत असा हा प्रकार आहे, आणि मुंबईतल्या जहाज कंपन्यांना, विमा दलालांना, परदेशी टँकरवर चढणाऱ्या आपल्या खलाशांना त्यांपैकी कोणता लागू, हा प्रश्न रोजचा होणार आहे. माझ्या युक्तिवादालाही या बदलाने धक्का बसतो हे सांगितले पाहिजे. सूट देण्याचे आमिष तेव्हाच मोलाचे, जेव्हा दुसऱ्या दारातून तेल, धान्य आणि चलन येत नसते. मॉस्कोने ते दार उघडल्यापासून हनोईत जे विकत घेता आले असते त्याचा भाव बराच चढला आहे.

पुढील लेखांत परस्परविरोधी मते आहेत आणि ती तशीच ठेवली आहेत. काही लेखक निर्बंध कायद्याच्या अंगाने पाहतात, काही बंदरे, बँका आणि विमा यांच्या अंगाने, काही ज्यांच्यावर ते कोसळतात त्यांच्या बाजूने. भारताच्या अनुभवाला जागा दिली आहे, पण कोरिया आणि इराण यांचे प्रश्न भारताच्या आरशात पाहण्याचा मोह टाळला आहे. खुल्या अर्थव्यवस्थेची लोकशाही आणि घराणेशाहीची बंद राजवट यांच्यावर एकच उपाय सारखा लागू पडेल असे मानायला आधार नाही. शस्त्रांच्या तांत्रिक बाजूंत आम्ही गरजेपुरतेच शिरलो आहोत. वाचकाने एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. २००९ ते २०२४ या काळातल्या जहाजांची, खात्यांची आणि चोऱ्यांची माहिती बव्हंशी त्या तज्ज्ञमंडळाच्या अहवालांतून आली आहे. त्यात चीन आणि रशियाचेही तज्ज्ञ बसत, आणि म्हणून एखाद्या नावावर वाद होऊन राहिलेले वाक्य बरेच भरवशाचे असे. त्यानंतरची माहिती ऑक्टोबर २०२४ मध्ये अकरा देशांनी मिळून उभारलेल्या देखरेख गटाकडून येते. हे सर्व देश अमेरिकेच्या बाजूचे आहेत. त्यांचे म्हणणे खोटे मानायचे कारण नाही, पण त्यांची उलटतपासणी घेणारे त्या खोलीत कोणी नाही. २०२४ नंतरच्या घडामोडींवरचे लेख वाचताना हा फरक हिशेबात धरावा.